पुन्हा ऐलतीरी

भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे शिकवायची वेळ आली, की मी दरवर्षी थोडा ओशाळतो. समोर बसलेल्या चाळीस मुलांपैकी दोघातिघांनी समुद्र पाहिलेला असतो. बाकीच्यांची मोठ्या पाण्याची कल्पना सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी सुरू होते आणि फार तर उजनीच्या धरणापाशी संपते. अशा मुलांना मी फळ्यावर आडवी रेघ ओढून सांगतो, की दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे वारा जातो, तो मतलई. मुले ते वहीत उतरवून घेतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी जो वारा सुटतो तो खाराही नसतो आणि मतलईही नसतो, तो नुसता भाजणारा असतो. पण परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही.

यंदा सातवीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "गुर्जी, वारा ढकलतो म्हणून होडी जाती. मग वारा उलटा असला तर परत कशी येती?"

प्रश्न ऐकून मला मोठा आनंद झाला. कारण उत्तर मला ठाऊक होते, आणि मास्तराच्या आयुष्यात असे योग वाटतात तितके पुष्कळ येत नाहीत. मी फळ्यावर होडी काढली, शीड काढले, होडीच्या पोटाखालचा कणा काढला. सांगितले, की वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची होडी जात नाही. पण शीड तिरके धरले म्हणजे ते पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. वारा होडीला बाजूला रेटू पाहतो, खालचा कणा तिला बाजूला सरकू देत नाही, आणि या दोघांच्या भांडणातून होडी पुढे जाते. थोडे उजवीकडे, मग वळून थोडे डावीकडे, अशी नागमोडी वाट काढीत ती वाऱ्याच्या उगमाकडे पोचते. मुलांना गंमत वाटली. त्या भरात मी त्यांना 'सुहेली'ची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी, कारण तिचा आरंभ मुंबईत आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक इंग्रज तरुण व्यापारी जहाजावर नोकरीला होता. १९६३-६४ च्या सुमारास त्याने मुंबईत एक लहानशी शिडाची नौका बांधून घेतली. लांबी बत्तीस फूट, लाकूड सागाचे. आराखडा अमेरिकेतला आणि जुना झालेला; बांधणारे मात्र इथले सुतार. वाकस आणि सामता हीच त्यांची हत्यारे. त्यांनी बापजाद्यांच्या पद्धतीने ती तासून उभी केली. नाव ठेवले 'सुहेली'. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ते नाव देतात. ही नौका तो मुंबईहून विलायतेला घेऊन गेला. पुढे १९६८ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने शर्यत जाहीर केली, की एकट्याने, वाटेत कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. नऊजण निघाले. 'सुहेली' १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फालमथ बंदरातून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, त्याच फालमथ बंदरात परत आली. वाटेत रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली, आरंभालाच तळाच्या फटींतून पाणी येऊ लागले तेव्हा त्या माणसाने भर समुद्रात बुडी मारून फटींत कापूस ठासला. नवांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. आणि एकट्याने न थांबता पृथ्वीला वळसा घालणारा मानवजातीतला पहिलाच. आपल्या मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या सागाच्या होडीतून!

मी टाळीची अपेक्षा करीत थांबलो. तीच मुलगी पुन्हा उठली. "गुर्जी, जिथनं निघाला तिथंच परत आला व्हय? मग गेला कशाला?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि घंटा झाली म्हणून सुटलो. पण त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. खरे सांगायचे तर तो प्रश्न मला त्याआधीच एकदा विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याला तो विचारण्याचा माझ्या विद्यार्थिनीपेक्षा फार मोठा अधिकार होता.

माझी सासुरवाडी देवगडकडची. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, आता ऐंशी उलटून गेलेले आहेत. बाराव्या वर्षी ते एका गलबतावर भंडारी म्हणून चढले. भंडारी म्हणजे गलबतावरचा स्वयंपाक्या पोरगा. वाळूच्या पेटीत चूल मांडायची, गलबत कलंडले तरी भात सांडू द्यायचा नाही, आणि भात नसेल तेव्हा तळात साचलेले पाणी उपसायचे. मंगळुरी कौले, मीठ, नारळ, लाकूड, जे मिळेल ते भरून शिडाच्या जोरावर मुंबईपर्यंत जायचे आणि तिकडून काही भरून परत यायचे. नारळी पौर्णिमा झाली की हंगाम सुरू, पावसाळा तोंडावर आला की गलबत ओढून किनाऱ्यावर. वारा पडला तर चार-चार दिवस एकाच जागी. पिण्याचे पाणी मोजून. त्यांचा थोरला भाऊ एका वर्षी पावसाच्या तोंडाशी शेवटची खेप म्हणून गेला, तो आलाच नाही. पुढे गलबतांवर इंजिने बसली, मग ट्रक आले, आणि ती शिडे एकेक करून उतरली. ती उतरली तेव्हा आबांना वाईट वाटले असेल, अशी माझी आपली लेखकाची समजूत होती.

मी लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा खाडीत एकाने मला हौसेखातर लहान शिडाच्या होडीतून फिरवून आणले. कोरड्या मुलखातला माणूस मी. शीड भरले, इंजिनाची धडधड नाही, धूर नाही, फक्त नाळेखाली पाण्याची खळखळ, आणि हाताखालच्या सुकाणूत काहीतरी जिवंत असल्यासारखी थरथर. मला वाटले, इतके दिवस आपण उगाच जमिनीवर राहिलो. घरी येऊन मी आबांपाशी त्या सुखाचे वर्णन करू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मास्तरांनू, आमी पोटासाठी गेलंव. हौसेन दर्यार कोण जाता?"

बोलण्यात राग नव्हता. पण मी गप्प झालो. ज्या गोष्टीने या माणसाचे बालपण खाल्ले आणि भाऊ खाल्ला, तिचे गोडवे मी त्याच्याच ओटीवर बसून गात होतो.

हा प्रश्न एकट्या होडीचा नाही. जुन्या काळी माणसाने जे जे नाइलाजाने केले, ते ते पुढच्या काळात कोणीतरी हौसेने करू लागतो. शिकार ही एके काळी भूक होती, मग राजांचा खेळ झाली. घोडा हे वाहन होते, आता तो छंद आहे. चुलीवरची भाकरी ही आमच्या आजीच्या डोळ्यांतले पाणी होती. आता शहरातला माणूस तिच्यासाठी गाडी काढून वीस मैल जातो आणि दुप्पट पैसे मोजतो. एकाचे कष्ट हे दुसऱ्याचे सुख व्हावे, यात काही अनीती आहे काय? की सुखाला मागचा हिशेब विचारणे हाच एक रडका स्वभाव आहे?

याचे उत्तर शोधताना मला आमच्या घरातला एक प्रसंग आठवतो. मी लहान असताना वडिलांचा खड्डा-माग होता. सोलापुरात त्या काळी आमच्यासारखी कितीतरी घरे होती. रात्री आळीतून जाताना धोट्यांचा आवाज घराघरांतून यायचा. एकदा पुण्याकडचे कोणी पाहुणे आले. माग पाहून त्यांना भरते आले. हा ताल, हे हातांचे नि पायांचे संगीत, यंत्रात ही मजा नाही, असे बरेच बोलले. मग म्हणाले, "मी जरा बसून पाहू का?" वडील खड्ड्यातून वर आले, पाय झटकले आणि म्हणाले, "बसा की. फक्त संध्याकाळपर्यंत उठायचं नाही."

पाहुणे हसले. वडील हसले नाहीत. त्या वेळी मला वडिलांचा राग आला होता. पाहुण्याशी असे बोलतात काय? पुष्कळ वर्षांनी कळले, की हौस आणि पोट यांच्यातला सारा फरक त्यांनी त्या एका वाक्यात सांगून टाकला होता. काम तेच, हालचाल तीच, घामही तोच. फरक एवढाच, की एकाला उठता येते आणि दुसऱ्याला येत नाही.

याचा पडताळा आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. आमचा जिल्हा पंढरीचा. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आमच्या जिल्ह्यात येते. आगगाडी आहे, एस.टी. आहे, आता तर सिमेंटचा रस्ता आहे. तरी लाखो माणसे चालत येतात, आणि त्या चालण्याला आपण पुण्य म्हणतो. २०२० साली महामारीत वारी बंद झाली, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास आल्या. त्याच वर्षी, वारीच्या आधी दोन-तीन महिने, याच महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून मजूर डोक्यावर बोचकी घेऊन शेकडो मैल घराकडे चालत होते. तेही चालणेच होते. तळवे तेही फुटलेच. पण त्याला पुण्य म्हणायची कोणाची छाती आहे? एकच कृती, एकच रस्ता. निवडीने केली तर साधना आणि लादली गेली तर छळ.

म्हणून कोणी म्हणेल, की सोपे झाले: निवडीने केले ते चांगले, नाइलाजाने केले ते वाईट. पण माझे समाधान एवढ्याने होत नाही. कारण मग त्या मुलीचा प्रश्न राहतोच. निवड करून तरी माणसाने असे काही का निवडावे, ज्याच्यातून काही निष्पन्न होत नाही? आपल्या संतांच्या वाणीत नाव पुष्कळदा येते, पण ती नाव पैलतीराला नेणारी. हा संसार म्हणजे सागर, नाम ही नौका, आणि पलीकडे पोचलो की नावेचे काम संपले. नाव ही साधन आहे. साध्य पलीकडचा तीर. हौशी नावाडी मात्र याच्या उलट वागतो. तो ज्या तीरावरून निघतो त्याच तीराला परत येतो. त्याला पलीकडे काही आणायचे नाही, पोचवायचे नाही. आमच्या शास्त्राप्रमाणे ही शुद्ध येरझार आहे, आणि येरझारीतून सुटावे म्हणूनच तर सगळा खटाटोप!

पण मग वारकरी तरी काय करतो? तोही विठ्ठलाला भेटून आपल्याच घरी परत येतो, त्याच शेतात, त्याच कर्जात. पुढच्या वर्षी पुन्हा निघतो. दर्शनच हवे असते तर त्याने सकाळची गाडी धरली असती. त्याला चालणे हवे असते. साधन वापरता वापरता माणसाचा त्या साधनावर जीव जडतो आणि मग ते नुसते साधन राहत नाही. जीव जडणे ही आपल्याकडे दुबळेपणाची गोष्ट मानतात. मला मात्र वाटते, माणसाने पृथ्वीवर जे काही चांगले केले आहे त्यातले पुष्कळसे या जीव जडण्यातून आलेले आहे.

त्या १९६८ च्या शर्यतीतल्या तीन माणसांकडे पाहिले म्हणजे हे आणखी स्पष्ट होते. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा एक. कर्जात बुडालेला, शर्यत जिंकून वर येऊ पाहणारा. त्याची नौका त्या प्रवासाला पुरी पडणार नाही हे त्याला वाटेत कळून चुकले. परत जावे तर नाचक्की. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण पृथ्वीभोवती चाललो आहोत असे खोटे ठावठिकाणे रेडिओवरून कळवीत राहिला. खोटे पेलवेना. १९६९ च्या जुलैमध्ये त्याची नौका रिकामी सापडली. दुसरा फ्रेंच, बर्नार मोआतेसिए. तो दक्षिण अमेरिकेचे टोक वळून आला होता, बक्षीस हातातोंडाशी होते. त्याने शर्यतच सोडली. नौका पुन्हा पूर्वेकडे वळवली आणि आणखी महिनोन् महिने समुद्रावर राहून तो ताहिती बेटावर उतरला. जे सुख त्याला लाभले होते ते विकून बक्षीस घ्यायला त्याचे मन तयार झाले नाही. तिसरा आपला 'सुहेली'वाला. तो जिंकला, आणि बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

समुद्र तोच आणि वर्षही तेच. क्रोहर्स्ट लोभी होता असे मला वाटत नाही. तो माझ्या वडिलांसारखा होता, त्याला उठता येत नव्हते. हौसेच्या शर्यतीत तो पोट घेऊन उतरला होता. दुसऱ्याने सुख सांभाळले, पण किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्याला विचारता येईल. तिसऱ्याने सुख भोगले आणि त्या सुखाच्या पायी कोणाचे तरी घर उघडे पडले आहे, हे ओळखून आपल्या हातातले तिकडे वळवले. मला तिसरा जवळचा वाटतो. सुख घेऊ नये असे त्याचे आचरण सांगत नाही. सुखाच्या आसपास कोण बुडाले आहे ते पाहावे, एवढेच सांगते.

आता लाकडाविषयी थोडे. कोणी म्हणेल, हौसच करायची तर फायबरची नौका घ्यावी. ती गळत नाही, कुजत नाही, दरवर्षी तेलपाणी मागत नाही. खरे आहे. लाकडी होडी ही पदरी पडलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखी असते, तिची उस्तवार संपत नाही. पण तिचा एक गुण मला फार विचार करण्यासारखा वाटतो. लाकडी होडी पाण्यात असली म्हणजे तिच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप घट्ट होतात. तीच होडी जमिनीवर कोरडी ठेवली तर फळ्या आकसतात, फटी पडतात आणि ती मरू लागते. 'सुहेली'चे तसेच झाले. तिची थोरवी ओळखून तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मोठ्या मानाने ठेवले होते. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. अखेर २००२ साली तिच्या मालकाने तिला तिथून सोडवून पुन्हा पाण्यात आणले. समुद्राने जिला मारले नाही ती सन्मानाने मरायला निघाली होती!

म्हणजे लाकडी होडी जपायची असेल तर ती वापरावी लागते. आणि होडीचे जे खरे ते तिच्या विद्येचेही खरे. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सुतारांनी १८१७ साली मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' ही लढाऊ नौका बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल इथे तरंगते आहे. सागात तेल असते, त्याने लाकूड कुजत नाही आणि आतला खिळाही गंजत नाही, हे त्या सुतारांना ठाऊक होते. हे ज्ञान पुस्तकात उतरवता येते. पण फळी वाफवून किती वाकवावी, कोणत्या झाडाचा बाक कोणत्या बरगडीला लागतो, हे हाताला कळावे लागते, आणि हाताला काम नसले की ते हाताबरोबर जळून जाते. ज्याला गिऱ्हाईक नाही ती विद्या किती दिवस जगणार? पोटासाठी शिडाचे गलबत बांधून घेणारा आता कोणी उरलेला नाही, आणि उरू नये हेच बरे. उरला आहे तो हौशी माणूस, आणि क्वचित सरकार.

याचे ताजे उदाहरण आहे. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. त्या चित्राच्या आधाराने गोव्यात एक जहाज बांधले गेले. केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, फळ्यांना फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून. ते 'कौंडिण्य' या नावाने २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला शिडांवर पोरबंदरहून निघून पुढच्या जानेवारीत मस्कतला पोचले. या जहाजाने कोणते युद्ध जिंकले जाणार आहे? कोणतेच नाही. पण दोरीने जहाज शिवणाऱ्या हातांना त्या दोन वर्षांत रोजी मिळाली, आणि जे फक्त भिंतीवर उरले होते ते पाण्यावर आले. हौस आणि पोट ही दोन टोके आहेत असे मी वर म्हणालो. इथे ती भेटतात. एकाची हौस जाणती असली तर ती दुसऱ्याचे सन्मानाचे पोट होऊ शकते.

मात्र जाणती असली तर. चुलीवरची भाकरी खाऊन धुराचे काव्य करणारा आणि भाकरी थापणारणीच्या हातावर दोन पैसे कमी ठेवणारा, हे दोघे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. तेव्हा जुन्या कष्टांची हौस करणाऱ्याने माझ्या मते तीन कर्जे मानली पाहिजेत. ज्यांनी ते कष्ट नाइलाजाने केले त्यांच्यापुढे त्या कष्टांना गोड म्हणू नये. जे हात ती विद्या जगवतात त्यांचा मोबदला पुरा द्यावा. आणि त्या सुखातला धोका नि घाम स्वतः सोसावा, दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. शीड आपले आणि पाणी उपसणारा पोरगा दुसऱ्याचा, अशी हौस करू नये.

इतके ठरवून मी निवांत झालो होतो. पण गेल्या दिवाळीत देवगडला गेलो आणि या हिशेबातली एक मोठी चूक मला उमगली.

पाडव्याच्या संध्याकाळी शेजाऱ्याची लहान शिडाची होडी खाडीत निघाली होती. मी भीत भीत आबांना म्हटले, "येता का?" ते नको म्हणतील अशी खात्री होती. ते उठले. दोघांनी हात धरून त्यांना होडीत बसवले. पहिली पाच मिनिटे ते काही बोलले नाहीत. फक्त शेजाऱ्याच्या मुलाने शीड बांधले ते पाहून तोंड वाकडे केले आणि पुढे होऊन गाठ सोडून पुन्हा बांधली. मग सुकाणू धरायला मागितले. होडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली. उन्हे उतरली, खारा वारा मंदावला. आबा पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "तेव्हा रातीचो मतलई सुटलो की तांडेल माका म्हणायचो, धर रे जरा सुकाणू. सगळे निजलेले. वर चांदण्यो. मास्तरांनू, खरा सांगू? तेव्हा लय बरा वाटायचा."

मी म्हटले, "मग तुम्ही त्या दिवशी तसे का म्हणालात?"

ते थोडा वेळ थांबले. "सांगतलंय कोणाक? आवस घरात अर्धपोटी, भाऊस गेलेलो, आणि माका वाऱ्याची मजा! लाज वाटायची."

मी जे मानून चाललो होतो ते असे: सुख हे सुखवस्तूंनी मागाहून शोधून काढले, कष्टकऱ्याच्या वाट्याला नुसते कष्ट. हे खरे नव्हते. बारा वर्षांच्या त्या पोराला मध्यरात्री सुकाणूखाली जी थरथर लागली तीच मला लागली होती, आणि तीच त्या इंग्रजाला दक्षिण महासागरात लागली असेल. सुख कामातच होते. गरिबीने आबांचे सुख हिरावून घेतले असे मी समजत होतो. तिने त्याहून वाईट केले होते. तिने ते सुख त्यांना दिले आणि त्याचा उच्चार करण्याची चोरी केली. सत्तर वर्षे या माणसाने एक आनंद पाप केल्यासारखा लपवून ठेवला होता.

माझे वडील आता नाहीत. मागावर बसलेले असताना, धोटा बिनचूक जात असताना, त्यांना कधी बरे वाटले असेल का, हे मी त्यांना विचारले नाही. त्या पाहुण्याला दिलेल्या उत्तरावरून मी परस्पर निकाल लावून बसलो होतो. त्यांना बरे वाटत असेलही. पण आठ माणसांच्या घरात ते कोणापुढे बोलणार?

म्हणून आता मला वाटते, की हौशी माणसाचा अपराध त्याच्या सुखात नाही. अपराध, असलाच तर, आपण सर्वांनी मिळून चालवलेल्या त्या व्यवस्थेत आहे, जिच्यात कामातला आनंद बोलून दाखवण्याचा हक्क फक्त काम सोडून उठू शकणाऱ्याला मिळतो. शिडाच्या होड्या खुशाल चालाव्यात, चांगल्या सागाच्या असाव्यात, आणि त्या बांधणाऱ्या सुताराच्या मुलालाही एखाद्या रविवारी तिच्यातून उगाच, काही न आणता, फिरून येता यावे. जगात सुधारणा झाली की नाही हे ओळखायला मला एवढी खूण पुरे आहे.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी त्या मुलीला उभे केले. तिचे आजोबा माळकरी, हे मला ठाऊक होते. विचारले, "तुझे आजोबा वारीला जाऊन कुठे परत येतात?"

"घरीच की."

"मग जातात कशाला?"

तिने क्षणभर विचार केला. "परत येतात तवा पाय लय सुजलेले असतात गुर्जी. आजी रागावती. पण महिनाभर ते कुणावर चिडत नाहीत."

मी पुस्तक उघडले आणि पुढचा धडा सुरू केला.